रिकामी काच

"पण साहेब, खाली तर काहीच ठेवलेलं नाही," लॅबवाली म्हणाली. "मग हे चमकतंय काय?"

तो पडद्यावर वाकला होता तो वाकलेलाच राहिला. इस्पितळाच्या तळघरातली खोली, भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरश्या, कोपऱ्यात झाकणं घट्ट बसवलेल्या डब्यांची उतरंड, प्रत्येक डबीत कुणाच्या तरी छातीतून खरवडून काढलेला घोट, आणि मधोमध टेबलावर त्याचं यंत्र. त्याचं म्हणजे कंपनीचं. पण भिंग न् भिंग, आरसा न् आरसा कुठं बसेल, उजेड कुठून शिरेल, कुठं वळेल आणि कुठं मरेल हे त्यानं ठरवलेलं. म्हणून कामावर सगळे त्याला भिंगवाले म्हणत, आणि ते त्याला आवडत नाही असं तो दाखवत असे. यंत्राचं काम ऐकायला सोपं. थुंकीवर रंग चढवायचा, वरून निळा उजेड टाकायचा. क्षयाचे जंतू असले तर ते रंग धरून ठेवतात आणि निळ्याच्या बदल्यात पिवळट हिरवा उजेड परत देतात. निळा अडवायचा, हिरवा तेवढा कॅमेऱ्यात सोडायचा. काळ्याकुट्ट पडद्यावर चार ठिणग्या दिसल्या की माणूस आजारी. नाही दिसल्या की जा घरी. ठिणगी कुणीही दाखवील, काळं काळं ठेवून दाखवा, असं तो परिषदांमधून छाती काढून सांगायचा. आणि आज या बाईनं धुतलेली, पुसलेली, कोरी काच खाली सरकवली होती, यंत्रावरचं 'स्वच्छता' नावाचं बटण बंद केलं होतं, आणि पडद्यावर काळं नव्हतंच. कडेपासून कडेपर्यंत पिवळट हिरवा मळ पसरला होता, शिंकरून उघडा टाकलेल्या रुमालासारखा.

"बोटं लागली असतील काचेला," तो म्हणाला.

"माझ्या हातानं धुतलीय. तुमच्यासमोर पुन्हा धुऊ?"

लॅबवाली पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं एकसुरी, रोज शंभर डब्या उघडणाऱ्या माणसाचं. "बटण चालू ठेवलं की तुमचं मशीन मागचं सगळं धूसर वजा करून टाकतं," ती म्हणाली. "छान काळं दिसतं. पण त्या धुरळ्याबरोबर फिकट ठिणग्यासुद्धा जातात. मागच्या महिन्यात एक बाई तीनदा आली. तीनदा तुमच्या मशीननं नाही म्हटलं. चौथ्यांदा मी आमच्या जुन्या खटारा सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर जंतूंचं शेत पिकलेलं. घरात दोन लहान मुलं आहेत तिच्या." आणि मग, तो कुणी मोठा माणूस आहे हे आत्ता आठवल्यासारखं करून, "चहा घेणार का?" तिनं विचारलं.

त्या खोलीत चहा. डब्यांच्या उतरंडीपासून चार हातांवर. भीती यायला हवी होती, खरं तर. तीन वेळा घरी पाठवलेल्या बाईची लाज यायला हवी होती. पण त्याला आधी नेहमी किळसच यायची, बाकीचं सगळं तिच्या मागून रांगेत. लहानपणी वडील सकाळी मोरीत खाकरायचे. पाऊण तास. सगळी गल्ली त्या आवाजावर घड्याळ लावायची. तो बाजूच्या खोलीत कानांत बोटं घालून पाढे म्हणत बसायचा, आणि सतराच्या पाढ्याशी आवाज थांबला की आई बादली घेऊन मोरी धुवायला जायची. एकदा त्यानं विचारलं होतं, तुला किळस नाही का गं येत? आई म्हणाली होती, येऊन सांगू कुणाला? हे वाक्य त्याला आयुष्यभर पुरलं. उजेडाच्या शास्त्राकडे तो वळला तोही त्यामुळेच असावा. उजेड कशाला चिकटत नाही. उजेडाला वास नाही. पुठ्ठ्याच्या डब्यात मऊ कागदात गुंडाळलेली भिंगं, हातमोजे, कडेला धरून उचलायची, श्वास रोखून. जगातला एवढा एक धंदा स्वच्छ आहे असं वाटलं होतं. आणि नशीब बघा, पदवी, दोन पेटंटं आणि टक्कल एवढं सगळं मिळवून तो पुन्हा थुंकीपाशीच येऊन उभा होता. आणि आता तर तिच्यावर मशाल धरून.

एकदा त्यानं कामावरची जांभळी बॅटरी घरी आणली होती, दोन भिंगांमधला डिंक कुठं सुटलाय ते बघायला. अशा उजेडात डिंक चमकतो. बायकोला गंमत दाखवावी म्हणून त्यानं दिवे घालवले आणि बॅटरी घरभर फिरवली. आणि घर पेटलं. मोरीच्या कडा, शौचालयाच्या बैठकीमागची भिंत, ओट्याच्या फटी, सोफ्यावरचा एक ओघळ, उशा. उशा सगळ्यांत जास्त. बायको हसली तेव्हा तिचे दात मेलेल्या माशासारखे निळे चमकले. "दिवा लाव," ती म्हणाली. "आणि हे पुन्हा घरात आणू नकोस. मला इथं स्वयंपाक करायचाय." बायकोचा प्रश्न दिवा लागताच सुटला. त्याचा सुटला नाही. तेव्हापासून कुठंही बसताना, दाराची मूठ धरताना, कुणाशी हात मिळवताना तो मनातल्या मनात ती बॅटरी पेटवायचा. लिफ्टची बटणं. बँकेतलं साखळीनं बांधलेलं पेन. लोक असे बुळबुळीत, गळके, जातील तिथं थोडे थोडे सांडत जाणारे, आणि वर अत्तर लावून. तो स्वतः मात्र कोरडा आहे असं त्याला का कोण जाणे वाटत आलं होतं.

लॅबवालीच्या देखत त्यानं यंत्राचं मागचं झाकण काढलं. कॅमेऱ्यासमोरचा फिल्टर चिमट्यानं बाहेर घेतला. रुपयाएवढी काच, एक अंग आरशासारखं लखलखीत, दुसरं फिक्या चहासारखं. लखलखीत अंग आत हवं, उजेड येतो त्या बाजूला. म्हणजे उरलासुरला निळा उजेड त्यावरूनच परत फिरतो. ते अंग मागं गेलं की निळा थेट त्या चहाच्या रंगाच्या काचेत घुसतो, आणि मग काच स्वतःच चमकायला लागते. नमुना असो नसो. इथं लखलखीत अंग कॅमेऱ्याकडे होतं. फिल्टर उलटा होता. पण काचेच्या कडेवर कोरलेला बारीक बाण बरोबर कॅमेऱ्याकडेच होता, त्याच्या ड्रॉइंगमध्ये होता तसा, त्याच्याच अक्षरात: बाण कॅमेऱ्याकडे. म्हणजे बाण सुलटा आणि काच उलटी. हे कसं होईल, असं त्यानं स्वतःला विचारलं खरं, पण उत्तर आधीच येऊन उभं होतं. फिल्टर पुरवणारे सहा महिन्यांपूर्वी बदलले होते. जुन्यांचा बाण उजेड कुठं जातो ते दाखवायचा. नव्यांचा बाण उजेड कुठून येतो ते दाखवत असणार. या धंद्यात हे असंच आहे, दोन घराणी, दोन रीती, आणि मध्ये एक कागद असतो डबीत, घडी घातलेला. तो कागद त्याच्या टेबलावर आलाही होता. त्यावर त्यानं चहाचा कप ठेवला होता. तो गोल डाग त्याला आत्ता, इथं तळघरात, डोळ्यांपुढे दिसला.

आणि कागदाबरोबर एक बाईही आली होती. जुळणी विभागातली, सगळे तिला चिमटेबाई म्हणायचे, कारण अकरा वर्षं तिच्या उजव्या हातात चिमटा होता आणि जेवतानाही तिचा अंगठा आणि तर्जनी तशीच जवळ असायची. ती दारात उभी राहून म्हणाली होती, "साहेब, ह्या नव्या डबीतल्या कागदावर बाणाचं काहीतरी वेगळं दाखवलंय." आणि तो मान वर न करता म्हणाला होता, "बाई, तुम्ही कागद वाचू नका. ड्रॉइंग वाचा. ड्रॉइंगमध्ये आहे तसं बसवा." एवढंच. त्यात ओरडणं नव्हतं, शिवी नव्हती. असं तो दिवसातून दहा लोकांना म्हणायचा. रिकामी काच लावून बघायची चाचणी तपासणीच्या यादीतून कुणी काढली, हेही त्याला विचारायची गरज नव्हती. दर यंत्रामागे वीस मिनिटं वाचतील, असं पत्र त्यानंच लिहिलं होतं, आणि मोठ्या साहेबांनी त्यावर हिरव्या शाईत 'उत्तम' लिहिलं होतं.

एकेचाळीस यंत्रं गेली होती नव्या फिल्टरची. त्यानं तळघरातल्या यंत्रातला फिल्टर फिरवून बसवला, कोरी काच लावली, पडदा विहिरीसारखा काळा झाला. "आता झालं," तो म्हणाला. लॅबवालीनं पडदा बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. "आत्ता झालं," ती म्हणाली. "मागच्या सगळ्या काचा मी ठेवल्यात. एकेक पुन्हा बघायला बसते जुन्याखाली." तिनं तक्रार केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसती बाही वर सारली. तिच्या कोपराजवळ रंगाचा पिवळा डाग होता, आणि तो डाग त्याच्या डोळ्यांपुढून दिवसभर हलला नाही.

कंपनीत मोठे साहेब पेनाच्या टोपणानं कान कोरत ऐकत होते. कोरून झालं की टोपण बघायचे, अंगठ्यानं पुसायचे, आणि त्याच पेनानं टिपण करायचे. भिंगवाल्यानं सगळं सांगितलं; म्हणजे बाण, दोन रीती, डबीतला कागद. कप सांगितला नाही. मोठ्या साहेबांनी मध्येच हात वर केला.

"बाण-बिण राहू दे. फिल्टर उलटा बसला, बरोबर?"

"हो, पण ड्रॉइंगमध्येच—"

"कुणी बसवला?"

त्यानं बाहीवरची नसलेली धूळ झटकली.

"अहो, बसवला कुणीतरी असेल ना? आपोआप उडी मारून तर नाही बसला?"

"जुळणीतल्या बाई."

"झालं." मोठ्या साहेबांनी टोपण पेनाला लावलं. "हे बघा भिंगवाले, उद्या इस्पितळवाले विचारणार, काय चुकलं आणि काय केलंत. माणूस चुकला म्हटलं की माणूस बदलला, विषय संपला. ड्रॉइंग चुकलं म्हटलं की ते म्हणणार, आणखी काय काय चुकलंय यात? उघडा सगळं. मग यंत्रही गेलं, तुम्हीही गेलात, आणि जुळणीतल्या त्या तीस जणी पण गेल्या. एकीसाठी तीस घालवायच्या का? सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

तुम्ही म्हणाल तसं. घाणेरडी गोष्ट ही, की हे ऐकताना त्याच्या छातीतून काहीतरी हलकं होऊन खाली उतरलं, ऊन लागल्यावर तूप पाघळतं तसं. वडिलांच्या हातून पेला फुटला की ते म्हणायचे, इथं कुणी ठेवला होता? आणि आई तुकडे वेचायला बसायची. तेव्हा तो दातांवर दात घासत मनात म्हणायचा की मी असा होणार नाही. होण्याबिण्याचा प्रश्नच नव्हता. असं काही व्हावं लागत नाही, पेला फुटावा लागतो फक्त. मोठ्या साहेबांनी अहवाल सरकवला. 'जुळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने ड्रॉइंगप्रमाणे काम न केल्यामुळे.' खाली दोन सह्यांची जागा. पेन तेच होतं. सही करताना त्याला प्रामाणिकपणे फक्त एवढंच सुचलं, की आता हात धुवायला हवेत. आणि कशामुळे धुवायला हवेत याबद्दल त्यानं स्वतःला चकवलं.

चिमटेबाई दुपारी चिमटे परत द्यायला आली. तीन चिमटे, एक भिंग, निळा कोट, घडी घालून. काचेच्या भिंतीपलीकडून तिनं आत बघितलं. तो संगणकावर वाकला, आणि रिकाम्या पानावर उगीच रेघा ओढत राहिला.

तीन दिवसांनी दुरुस्तीवाल्याचा फोन आला. दुरुस्तीवाला गावोगाव हिंडून फिल्टर फिरवत होता. आनंदी माणूस, बातमी कुठलीही असो, तोंडात लाडू असल्यासारखा बोलायचा. "भिंगवाले साहेब, एक गंमत झालीय. चार मशीनं फिरवली. पहिलं झकास काळं झालं. पण पुढची तीन आधी काळी होती म्हणे, आता चमकायला लागली! म्हटलं, आपण बरं करतोय की वाईट?"

"आधी काळी होती?"

"लॅबवाले तर तसंच म्हणतात. एक जण म्हणाला, चांगली चालती गाडी कशाला खोलली? मी म्हटलं वरचा हुकूम आहे. फिरवू की नको पुढची?"

"थांब," तो म्हणाला. "आज थांब. मी सांगतो."

त्याला उत्तर कुठं मिळेल ते ठाऊक होतं, म्हणून तो तिच्या घरी गेला. चौथा मजला, लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोपरा पिंगट लाल झालेला. लोक जाता जाता तिथंच थुंकतात, शतकानुशतकं थुंकत आलेत, आणि त्यांच्याचसाठी आपण काळं काळं ठेवतोय. तो भिंतीला अंग न लावता चढला. दार तिनंच उघडलं. खोली एकच, पण टापटीप, खिडकीशी टेबलावर तेरा-चौदा वर्षांची मुलगी वही घेऊन बसलेली. तिनं एकदा बघितलं आणि वहीत डोकं घातलं. चिमटेबाईनं पाण्याचा पेला आणून ठेवला. त्यानं पेल्याकडे बघितलं, कडेकडे, सवयीनं.

"धुतलेला आहे," ती म्हणाली.

त्यानं पेला उचलला, आणि प्यायला नाही. "फिल्टरबद्दल विचारायचं होतं," तो म्हणाला. "सगळे उलटे नाहीत."

"नाहीतच. बारा उलटे आहेत. पहिले बारा." तिनं हे इतक्या सहज सांगितलं की त्याला राग आला. "तुम्ही म्हणालात ड्रॉइंगप्रमाणे, मी ड्रॉइंगप्रमाणे बसवले. तेराव्याला ट्यूबलाइटखाली धरला तर आरशाची बाजू कॅमेऱ्याकडे जायला लागलेली. अकरा वर्षं बघतेय मी, आरसा आत असतो. बाण काही का म्हणेना. मग पुढचे सगळे मी आरसा बघून बसवले. एकोणतीस."

"ड्रॉइंग सोडून?"

"ड्रॉइंग सोडून."

"आणि पहिले बारा?"

"ते गेले होते. तुम्हाला सांगायला आले दोनदा. पहिल्यांदा तुम्ही फोनवर होता, तुम्ही हातानं असं केलंत." तिनं माशी वारतात तसा हात केला. "दुसऱ्यांदा फोनवर नव्हता, तरी असंच केलंत."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा कचऱ्याच्या गाडीचा वास आत येत होता. सगळी गोष्ट त्याच्यासमोर उघडी पडली होती. ड्रॉइंगप्रमाणे काम केलं ती यंत्रं खोटं बोलत होती. ड्रॉइंग मोडलं ती खरं बोलत होती. आणि ड्रॉइंग मोडलं म्हणून हिला काढलं होतं. आता त्याच्या सहीच्या कागदावरून तो आनंदी माणूस गावोगाव खऱ्याचं खोटं करत हिंडत होता. हसायला यावं अशी गोष्ट. मोरीत पाणी तुंबून खालून वर बुडबुडे यावेत तसं त्याला ते आलंही, पण बाहेर पडलं नाही.

"मला नोकरी परत नको," चिमटेबाई म्हणाली. "वजनकाटे बनवणारे आहेत एक, प्रयोगशाळांचे, बारीक काम. जागा आहे त्यांच्याकडे. पण कंपनीनं माझ्या कागदावर लिहिलंय, ड्रॉइंगप्रमाणे काम करत नाही. आमच्या कामात एवढं लिहिलं की माणूस मेला. त्यांनी सोमवारपर्यंत थांबतो म्हटलंय. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. पहिले बारा हिनं ड्रॉइंगप्रमाणे बसवले आणि चूक ड्रॉइंगात होती. खाली तुमची सही. बाकी काही नको."

"देतो," तो म्हणाला. लगेच. इतक्या लगेच की मुलीनं वहीतून मान वर केली.

रस्त्यावर येईपर्यंत त्याला उपाय सुचला होता. हुशार माणसाचं हेच वाईट, त्याला उपाय सुचतात. त्यानं तिथंच उभं राहून दुरुस्तीवाल्याला आणि सगळ्या केंद्रांना निरोप धाडला: आधी 'स्वच्छता'चं बटण बंद करून कोरी काच लावून बघा, पडदा चमकला तरच फिल्टर फिरवा, नाहीतर हात लावू नका, फिरवून झालेल्यांनाही हाच नियम. बस. एवढ्यानं बारा यंत्रं सुधारणार होती, एकोणतीस वाचणार होती, ती तीन पुन्हा ठीक होणार होती, कुठल्या बाईला तीनदा घरी जावं लागणार नव्हतं. आणि ड्रॉइंगचं नाव कुठं घ्यावं लागत नव्हतं. त्यानं निरोप पुन्हा वाचला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्याला स्वतःच्या हुशारीचा वास आला, तोंड धुण्याआधीच्या तोंडाचा असतो तसा, आणि तो वास त्याला पूर्ण अनोळखी वाटला नाही.

मोठे साहेब खूश झाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याला म्हणतात दूरदृष्टी. रिकाम्या काचेची चाचणी! इतकी साधी गोष्ट, पण सुचावी लागते." ही चाचणी यादीतून कुणी काढली होती ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही हात मिळवला, मोठ्या साहेबांचा तळवा कोमट आणि ओला होता. आठवड्याअखेर आकडा आला: बारा उलटे, एकोणतीस सुलटे. मोठ्या साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघा! म्हणजे बाईसाहेबांनी काही असे बसवले, काही तसे. मनाला येईल तसं! काढलं तेच बरं केलं."

"साहेब," तो म्हणाला, "ड्रॉइंग..."

"बदललंत ना?"

"बदललं."

"मग झालं तर. कशाला उकरता? जखम भरली की खपली काढत बसू नये."

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. त्यात जीभ होती, वाक्यही तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद. मोठ्या साहेबांच्या कानात टोपण फिरत होतं. त्यानं तोंड मिटलं, आणि जे काही होतं ते गिळलं.

रविवारी तो पत्र लिहायला बसला. पहिल्या कागदावर त्यानं तिनं सांगितलं तसंच लिहिलं, दोन ओळी. वाचून बघितल्या. चूक ड्रॉइंगात होती. हा कागद वजनकाटेवाल्यांकडे जाणार. वजनकाटेवाले इस्पितळांना माल देतात. इस्पितळातला कुणीतरी कुणालातरी म्हणणार. तीनदा घरी गेलेल्या त्या बाईच्या हातात हा कागद पडला तर? त्यानं कागद फाडला. दुसऱ्यावर 'ड्रॉइंगमध्ये संदिग्धता होती' असं लिहिलं. मग संदिग्धता खोडली. तिसऱ्यावर ड्रॉइंग गेलं आणि 'काही तांत्रिक कारणांमुळे' आलं. चौथ्यावर तेही गेलं, आणि तिथून पत्र वाहायला लागलं. किती चांगल्या गोष्टी होत्या लिहिण्यासारख्या! हात स्थिर. नजर तीक्ष्ण. अकरा वर्षांत उशीर नाही. स्वभाव मनमिळाऊ. तो लिहीत गेला आणि लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले. भरून आले हे बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे बघून तो उठून तोंड धुऊन आला. दुपारी कधीतरी बायकोनं खांद्यावरून वाचलं. "छान लिहिलंयस. कोण आहे ही?"

"कामावर होती एक."

"होती म्हणजे? इतकी चांगली आहे तर सोडली कशी तुम्ही?"

"सोडून गेली," तो म्हणाला, आणि पत्र पाकिटात घातलं. पाकीट चिकटवायला डिंकावरून जीभ फिरवावी लागते. त्यानं ती फिरवली. जिभेवर बराच वेळ चव राहिली.

सोमवारी सकाळी, कामावर जाण्याआधी, तो पुन्हा ते चार मजले चढला. चिमटेबाई बाहेर पडायच्याच तयारीत होती, खांद्याला पिशवी, केस नीट बांधलेले, पायांत ठेवणीतल्या चपला. तिनं त्याला आत बोलावलं नाही. पाकीट कडेकडेनं उघडलं, जराही न फाडता, जणू आत भिंग आहे. उंबऱ्यातच उभी राहून ती वाचायला लागली, आणि तिची तर्जनी ओळीखालून सरकत गेली, सावकाश, न चुकता. एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"बाकीचं?" तिनं विचारलं.

"सगळं आहे त्यात," तो म्हणाला. "इतकं चांगलं मी आजवर कुणाबद्दल लिहिलं नाही, बाई. खरंच. हवं तर माझा फोन नंबर द्या त्यांना, मी बोलेन. मी सांगेन तुम्ही किती..."

"मनमिळाऊ," ती म्हणाली.

"आहातच ना तुम्ही."

"साहेब, हे लग्नाच्या स्थळाला दाखवायला बरं आहे." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "मनमिळाऊ आहे म्हणून फिल्टर कुठल्या अंगानं बसवते ते कळतं का कुणाला? दोन ओळी सांगितल्या होत्या मी. तुम्ही पान भरून आणलंत."

"समजून घ्या," तो म्हणाला. "माझी पण अडचण..."

"समजलं की," ती म्हणाली.

तिनं कागदाची घडी घातली, पूर्वीच्याच रेघांवर, एक कोपरा इकडे तिकडे न होऊ देता, तो परत पाकिटात सरकवला आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं, अंगठा आणि तर्जनी यांच्यात, कडेला धरून, बोटाचा ठसा उमटू नये तसं. त्यानं ते घ्यायला हात पुढे केला तेव्हा तिनं आपला हात जरा मागं घेतला. थोडासाच. त्याचा हात तिच्या हाताला लागू नये, एवढाच.

मग दार लागलं. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. दाराआडून मुलीचा आवाज आला, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही," चिमटेबाई म्हणाली. "दूध उतू जातंय बघ."